पाखाडीकडचं दार

"जिवंत बापाच्या घराला कुलूप! मेल्या, मी मेलो काय? सांग ना, मेलो काय मी?"

बाबा अंगणात उभे राहून ओरडत होते. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात कमरेवरून घसरत चाललेली लुंगी. बाबांचा आवाज ही साधी गोष्ट नाही. चाळीस वर्षं ते मच्छीमार बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. इंजिनाच्या धडधडीवरून आणि वाऱ्यावरून पलीकडच्या बोटीवर शिव्या पोचवायची सवय. ते ओरडले की आमच्या वाडीतल्या माडांचे नारळ आपणहून पडतात, माडावर चढायला माणूस बोलवावा लागत नाही. त्या सकाळी दोन पडले. आई म्हणते, एकच पडला आणि तोही किडका. आईला गोष्ट सांगता येत नाही.

"बाबा, जरा हळू..."

"हळू? माझी बहीण केळशीहून आली, कुलूप बघून परत गेली, आणि मी हळू बोलू?"

झालं होतं ते असं. आत्या, बाबांची थोरली बहीण, ऐंशीच्या अलीकडे आहे की पलीकडे हे तिचं तिलाच ठाऊक, आदल्या दिवशी कोणाला न कळवता केळशीहून निघाली. केळशी ते दापोली एक एसटी, दापोली ते रत्नागिरी दुसरी, स्टँडवरून वाडीपर्यंत रिक्षा. भर दुपारी पाखाडीच्या, म्हणजे रस्त्यावरून आमच्या घराकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या वाटेच्या पायऱ्या उतरून ती आली. समोर दार, दाराला कुलूप. तशीच मागे वळली आणि गेली. हाक नाही, कडी वाजवणं नाही. रात्र दापोलीला ओळखीच्यांकडे काढली आणि सकाळी केळशीला पोचल्यावर शेजारणीच्या फोनवरून बाबांना म्हणाली, "काय रे, मुंबईला गेलात होय कायमचे? सांगायचंस तरी."

घरात त्या दुपारी कोण होतं? बाबा होते, पडवीत रेडिओ उशाशी लावून घोरत होते. आई होती, मागच्या विहिरीवर. कुलूप ज्या दाराला होतं ते दार माझं होतं. कुलूप माझं, आणि चावीही माझ्याच खिशात. तेव्हा पुढची हकीकत मलाच सांगणं भाग आहे.

मी जहाजावर फिटर आहे. मासे धरायच्या बोटीवर नव्हे, मोठ्या लोखंडी जहाजावर. इतक्या मोठ्या की आमची अख्खी वाडी देवळासकट एका कोपऱ्यात ठेवली तर कप्तानाला आठ दिवस पत्ता लागायचा नाही. सात महिने तिकडे, चार-पाच महिने घरी. वय एकेचाळीस. लग्न झालेलं नाही. का, म्हणून आईला विचाराल तर ती सांगेल, मुली बघायच्या मोसमात हा नेमका समुद्रात असायचा. मला विचाराल तर तो मोसम मीच बघून निवडायचो. पासपोर्टावर इतके शिक्के आहेत की फोटोतला माझा चेहरा दिसत नाही. एकदा वादळात आमचं जहाज लाटेवर असं उभं राहिलं की आम्ही चहाचे मग हातात घेऊन भिंतीवरून चालत मेसमध्ये गेलो, आणि चहा सांडला नाही. असा मी माणूस. पण घरी आलो की आठवीत असतो.

"कुठं चाललास?"

"इथंच."

"इथं कुठं?"

"बाहेर, आई."

"मग चप्पल कशाला घातलीस?"

आता यातली मजा बघा. आमच्या दर्यावर्दी लोकांत बाहेर पडणाऱ्याला 'कुठं चाललास' असं विचारत नाहीत. अपशकुन. बाबा बोटीवर निघाले आणि वाटेत कोणी चुकून विचारलं, तर घरी परत येऊन, खाली बसून, घोटभर पाणी पिऊन मगच पुन्हा निघायचे. एकदा तर एका नव्या शिक्षकाने पाखाडीवर सात वेळा विचारलं. बाबा सात वेळा परत आले, सात तांबे पाणी प्यायले आणि त्या दिवशी बोट गेलीच नाही, कारण बाबांना मोरीपासून लांब जाता येईना. तेच बाबा निवृत्त झाल्यापासून मला दिवसातून चाळीस वेळा विचारतात. कुठं चाललास? मी म्हणायचो, "बाबा, विचारू नये ना?" ते म्हणायचे, "तू काय बोटीवर चाललायस?"

त्यातून घराची रचना अशी की माझी खोली सगळ्यात आत. बाहेर पडायचं तर माजघर ओलांडायचं, तिथं आईची खाट. मग पडवी, तिथं बाबांची खुर्ची. दोन तपासणी नाके. मी जगातल्या कितीतरी बंदरांत उतरलोय, पण इतकी कसून चौकशी कुठल्याच पोलिसाने केलेली नाही. रात्री पाणी प्यायला उठलो तरी अंधारातून आवाज यायचा, "पोटात दुखतंय काय?"

मला बसवत नाही, ही माझी खोड. जहाजावर असलो की घरचे दिवस मोजतो, घरी येऊन चार दिवस झाले की खोलीत येरझाऱ्या. सहा पावलं जायचं, सहा पावलं यायचं. आईने त्या शेणाच्या जमिनीवर फरशी घातली ती मी वाट पाडली म्हणून, असं मी सगळ्यांना सांगतो.

दाराचं खूळ मला जहाजावरच लागलं. इंजिनरूममध्ये चहाच्या वेळी कुठल्याही देशाची माणसं बसू देत, पहिल्यांदा पगारावर बोलतात, मग स्वयंपाक्याला शिव्या देतात आणि शेवटी आईवर येतात. आमचा चीफ इंजिनिअर डेन्मार्कचा. त्याने एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं. आई राहते पायी पंधरा मिनिटांवर, पण तिच्याकडे जायचं तर हा आधी फोन करून वेळ ठरवतो आणि जाताना फुलं नेतो. मी म्हटलं, आमच्याकडे मुलगा हातात फुलं घेऊन आला तर आई पहिलं विचारेल, कोण गेलं? तो हसला. मग बराच वेळ चहा ढवळत राहिला. त्याच्या चहात साखर नव्हती.

ऑइलर, म्हणजे यंत्रांना तेलपाणी करणारा, फिलिपिन्सचा. वायफाय चालू असलं की त्याचा मोबाइल ताटापुढे उभा. मोबाइलमध्ये आई, आईच्या मागे भाचरं, भाचरांच्या मागे कोंबडा. तो जेवायचा, आई बघायची, आणि मधून मधून काहीतरी म्हणायची. मला त्यांच्या भाषेतला एक शब्द येत नाही, पण सूर ओळखीचा होता. काटा बघून खा, असंच म्हणत असणार.

पण मला घायाळ केलं ते सेकंड इंजिनिअरनं. तो क्रोएशियाचा. वय पन्नास, बायको, दोन मुलं, आणि राहतो आईबापांच्या घरात. मी म्हटलं, चला, आपल्यातला एक निघाला. तर त्याने घराचा फोटो दाखवला. समुद्राकाठी तीन मजली दगडी घर आणि भिंतीला बाहेरून चिकटलेले दोन जिने. तळाला आईबाप, मधल्या मजल्यावर हा, वर भाऊ. प्रत्येकाचा जिना वेगळा, दार वेगळं. "आईला कळतं कधी आलास, कधी गेलास ते?" मी विचारलं. तो म्हणाला, कळतं. जेवण झालं की ती झाडूच्या दांड्यानं छतावर ठोकते. पण विचारत नाही.

पण विचारत नाही! हे तीन शब्द घेऊन मी घरी आलो.

आईला मी स्पष्ट सांगितलं. एक तर या घरात मला माझं स्वतःचं दार पाहिजे, नाहीतर मी शहरात खोली घेऊन राहणार.  आई तांदूळ निवडत होती, निवडलेले तांदूळ तिने पुन्हा निवडायला घेतले. बाबांनी ऐकलं आणि खुर्ची फिरवून समुद्राकडे तोंड केलं. याला आमच्या घरात परवानगी म्हणतात.

गवंडी आला. माझ्या खोलीच्या पूर्वेकडच्या भिंतीत त्याने दार पाडायला घेतलं. आमच्या आजोबांनी ती भिंत चिऱ्यांवर चिरे ठेवून अशी बांधली होती की पहिल्या दिवशी गवंड्याच्या तीन छिन्न्या मोडल्या आणि चौथी लाजून वाकली. जांभ्याची लाल धूळ आठ दिवस घरभर. आईने त्या आठवड्यात कालवणात तिखट घातलं नाही तरी कालवण लालच. बाबा तीन दिवस पाठ करून बसले. चौथ्या दिवशी पाठ न फिरवता गवंड्याला म्हणाले, "चौकट डावीकडे बसलीय बोटभर." माप लावून बघितलं तर खरंच बसली होती.

दार झालं. फणसाच्या लाकडाचं, पिवळं, नवं. मी ते उघडून उंबऱ्यावर उभा राहिलो. समोर पाखाडी. कोणी विचारलं नाही. अर्धा तास नुसता आत-बाहेर करत होतो.

आणि इथंच माझी चूक झाली. घराचं मूळ दार समुद्राच्या बाजूला. रस्त्यावरून पाखाडी उतरून आमच्याकडे यायचं तर कुंपणाला वळसा, गोठ्याची जुनी जागा, न्हाणीचं सांडपाणी, मग अंगण. माझं दार मात्र थेट पाखाडीवर. वाडीला शंभर वर्षं जो वळसा घालावा लागत होता तो मी माझ्या पैशाने मोडून दिला होता.

पहिली आई आली. डोक्यावर सुक्या लाकडांचा भारा. "इथनं जवळ पडतं रे," म्हणाली आणि माझ्या पलंगाला वळसा घालून आत गेली. मग पोस्टमन. मग वीजबिलवाला. मग तीन कोंबड्या, त्यातली एकही आमची नव्हे. मग वाडीतल्या बायका, आईकडे आमसुलं मागायला, रिकाम्या वाटीसकट. एका सकाळी मी लुंगीवर झोपलेलो, जाग आली तर चार अनोळखी माणसं माझ्याभोवती उभी आणि माझ्या कपाळावर थंडगार काहीतरी. लग्नाचं आमंत्रण करायला आली होती. झोपलेल्यालाच कुंकू लावून, अक्षता उशीवर ठेवून, "सगळ्यांनी यायचं हां," असं म्हणून माजघरातून पडवीत गेली. तिथं बाबांनी त्यांना सरबत पाजलं आणि जाताना पुन्हा माझ्याच खोलीतून पाठवलं. आठ दिवसांत माझी खोली स्टँड झाली. फक्त भज्यांची गाडी लागायची राहिली होती.

मी शेजारच्या चाचींकडे गेलो. चाचींचे तिन्ही मुलगे आखातात. तिघांनी तिकडून पैसे पाठवून जुन्या घराला तीन खोल्या वाढवल्या, प्रत्येक खोलीला बाहेरून वेगळं दार, चकचकीत टाइल्स. तिन्ही दारांना तीन कुलपं, बारा महिने. खाऱ्या वाऱ्याने ती गंजतात म्हणून चाची दर शुक्रवारी खोबरेल तेलात कापसाची वात भिजवून त्या कुलपांना तेल घालतात.

"चाची, वाडी माझ्या खोलीतून जाते."

"जाऊ दे ना बेटा. पायरव असतो."

"मला कुलूप पाहिजे."

चाचींनी माझ्याकडे बघितलं. मग पेटीतून एक कुलूप काढून दिलं, थोरल्या मुलाने दुबईहून आणलेलं, पितळी. वजन असं की ते खिशात घातल्यावर मी डावीकडे झुकून घरी आलो. देताना म्हणाल्या, "अम्मीला विचारलंस काय?"

नव्हतं विचारलं. आमच्या घराला कुलूप कधीच नव्हतं. मूळ दाराला आतून लाकडी अडसर आहे, बाहेरून कडीसुद्धा नाही, कारण चार पिढ्यांत घरात कोणी नाही असा दिवस आलेला नाही. आमच्या वाडीत दाराला कुलूप दिसलं की त्याचा अर्थ एकच: माणसं संपली किंवा मुंबईला गेली. जुनी माणसं या दोन्हींत फारसा फरक करत नाहीत.

मी कुलूप लावलं ते शहरातली एक खोली बघायला जाताना. हो, दार झालं तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिसरा मजला, खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी. मालक चावी देऊन खाली गेला. मी आत बसलो. एक माशी आली तीसुद्धा मला काही न विचारता गेली. सहा पावलं जायला गेलो तर चौथ्या पावलाला भिंत. ठरवू, म्हटलं मालकाला, आणि परत आलो. नेमक्या त्याच दोन तासांत आत्या येऊन गेली.

आणि तिने कुंपणाला वळसा घालून पुढे का बघितलं नाही? तर नवं दार बघून तिला वाटलं, घराचं तोंडच आता इकडे फिरवलंय, आणि पाखाडीवरून दिसत होती ती वाऱ्यापावसाला अडवायला पडवीला बांधलेली निळी ताडपत्री; बंद घरांच्या पडव्या अशाच बांधून ठेवतात. शिवाय आत्याचं एक तत्त्व होतं. पुढे तिनेच सांगितलं, "कुलपाला हाक मारू नये. आतून ओ आली तर काय करायचं?"

तर बाबा त्या सकाळी ओरडले. दुपारपर्यंत ओरडले.  संध्याकाळी म्हणाले, "उद्या केळशीला जायचं. तिचे पाय धरायचे. तू."

एसटीने निघालो. बाबा खिडकीशी, मी शेजारी, आमच्यामध्ये कुलपाएवढी जागा. सावर्ड्याला गाडी चहाला थांबली. मी विचार केला, शिव्या खायच्याच आहेत तर एकदमच खाऊ. म्हटलं, "बाबा, मी शहरात खोली बघून आलोय."

बाबा बशीत चहा ओतत होते. ओतून झाला. प्यायले. म्हणाले, "वडा थंड आहे इथला." दापोलीला गाडी बदलली आणि केळशीला उतरलो. 

आत्या ओट्यावरच बसली होती. मी वाकून पाय धरले. "आत्या, चुकलो."

"ऊठ. कुलूप चांगलं होतं हो. पितळी काय?"

बाबा काही ऐकत नव्हते. ते ओट्याच्या कोपऱ्यात बघत होते. तिथं पत्र्याची मोठी पेटी होती, काथ्याने आडवी-उभी बांधलेली. पेटीवर पितळेचा तांब्या, चटईची वळकटी, छत्री.

"बाय, ही पेटी कसली?"

आत्या पदराला चाळा करत बसली. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"बाय."

"परवा हीच घेऊन आले होते. रिक्षावाल्यानं खाली आणली, कुलूप बघून परत वर नेली. दोन्ही वेळा कण्हत होता मेला."

"दोन दिवसांच्या पाहुणीला एवढी पेटी?"

"कोण म्हणालं दोन दिवस?"

मग ती बोलायला लागली ते हळू आवाजात, आत ऐकू जाऊ नये म्हणून. मुलगा वाईट नाही. सूनही वाईट नाही. दूध देतात, गोळ्या देतात. "पण देवळात निघाले, कुठं चाललीस. बागेत निघाले, कुठं चाललीस. अरे, परसात गेले तरी पोरगा खिडकीतनं ओरडतो, आई कुठं चाललीस! ऐंशीची झाले मी. रात्री कूस बदलली तर लाइट लावतो. मला वाटलं, मरू दे, भावाकडे जाऊन पडावं. तू तरी विचारणार नाहीस. तुला शकुनाचं कळतं."

मी पेटीवरच्या छत्रीकडे बघत राहिलो. बाबांकडे बघायची माझी छाती झाली नाही. आणि खोटं सांगत नाही, त्या क्षणी बाबांनी घसा खाकरला तो इतका हळू की ओट्यावरचं मांजरही उठलं नाही.

"चल," बाबा म्हणाले.

"कुठं?"

"घरी."

"तुमच्याकडे जागा कुठं आहे? माजघरात वहिनी, पडवीत तू. मी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत नाय झोपणार. सांगून ठेवते. मला माझं दार पाहिजे."

"आहे दार," बाबा म्हणाले. आणि मग ज्या माणसाने त्या दाराकडे तीन दिवस पाठ केली होती तो छाती काढून सांगायला लागला, "पूर्वेचं आहे. जांभ्यातून फोडून घेतलंय, फणसाचं लाकूड. चौकट मी उभं राहून बसवून घेतली. पाखाडीवर उघडतं. तुला कुंपणाचा वळसा नको, न्हाणीचं सांडपाणी नको."

"कुलूप?"

"तू बघितलंसच की."

"चावी कोणाकडे?"

बाबांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. तळवा वर. चाळीस वर्षं दोर ओढून घट्टे पडलेला तो हात तसाच थांबला. मी आधी डाव्या खिशात बघितलं, उगाच, नसणार हे माहीत असून. मग उजव्या खिशातून चावी काढून ठेवली. आत्याने ती कनवटीला लावली आणि वरून दोनदा चापटून बघितली.

निघताना आत्येभाऊ बागेतून आला. सत्तावन्न वर्षांचा, हातात कोयता, अंगभर घाम. त्याने पेटी बघितली, आईला बघितलं.

"आई," तो म्हणाला, "कुठं चाललीस?"

बाबांनी डोळे मिटून घेतले. मग आम्ही सगळे परत ओट्यावर बसलो, पाणी प्यायलो आणि ती एसटी गेली. पुढच्या गाडीला दीड तास होता.  गाडीची वेळ झाली तेव्हा पेटी आत्येभावानेच खांद्यावर घेतली, स्टॉपपर्यंत नेली आणि टपावर न ठेवता आत, आईच्या पायाशी सरकवून ठेवली. गाडी हलल्यावरही तो खिडकीबरोबर चार पावलं चालला. आत्या समोर बघत होती.

घरी आलो तर आईने माझ्या पलंगावर धुतलेली चादर घातली होती. तिला कोणी फोन केला होता, मला माहीत नाही. आत्याने दार उघडून बघितलं, लावून बघितलं, कुलूप आतल्या कडीला बसतं का तेही बघितलं. बसलं. पाखाडीवरून वाटी घेऊन आलेल्या एका बाईला तिने दाराच्या फटीतून असं काही सांगितलं की त्या दिवसापासून अख्खी वाडी पुन्हा कुंपणाला वळसा घालून येते. जे मला दुबईच्या कुलपाने जमलं नाही ते तिने दोन वाक्यांत केलं.

मी माझे कपडे, दाढीचं सामान, जहाजावरची बॅग माजघरात आणून ठेवली. आईची खाट इकडे, भांड्यांचं कपाट तिकडे, मधे पाच पावलं. उशी काखेत घेऊन मी पडवीत गेलो. बाबा खुर्चीत बसून बातम्या ऐकत होते.

"बाबा, मग मी कुठं राहायचं?"

त्यांनी रेडिओचा आवाज जरासा कमी केला.

"तुझं काय," म्हणाले, "तू जाणारच आहेस."